विभूतीचा एकविसावा गोळा

अक्का,

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी चारच्या सुमारास, मुरुडच्या मळ्यात दाजींच्या शेजारी तुला मातीत बसवलं. स्वामींनी विभूतीचे एकवीस गोळे सांगितले होते, ते मी स्वतः पूजेच्या दुकानातून मोजून आणले. हजर होते तुझे दोन्ही दीर, माझी सुमन, गल्लीतली पन्नासएक माणसं आणि मी. तुझा महेश नव्हता. तो तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या गावाहून विमानतळाकडं निघालेला होता. "मी गेले की कुनासाठी थांबायचं न्हाई. पोरासाठी बी न्हाई," हे तू वर्षभर ज्याला त्याला बजावत होतीस, म्हणून थांबलो नाही.

एकवीस आणले, पण त्यातले वीसच तुझ्याबरोबर गेले. एक मी खिशात ठेवून घेतला आणि त्याच्या जागी तुझ्या पूजेच्या डब्यात सापडलेला गोळा पुढं केला. तो मळकट करडा होता, एका अंगानं झिजून खोलगट झालेला. स्वामींनी तो बोटांत फिरवून पाहिला.

"हा कुठला? असला रंग आपल्याकडं न्हाई."

"ऑस्ट्रेलियाचा," मी म्हणालो.

मागं कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं.  स्वामींनी तुझ्या डाव्या तळहातावर, इष्टलिंगाला टेकवून तो ठेवला आणि बेल मागितला.

त्या गोळ्यावरून आपलं भांडण होतं. ते मिटायच्या आधी तू निघून गेलीस. आता बोलणारा मी एकटाच, म्हणजे निकाल मी माझ्याच बाजूनं लावून घेणार असं तुला वाटेल. तसं करणार नाही. दोन्ही बाजू मांडतो.

मागच्या वर्षीचा पाडवा नुकताच झाला होता. लातुरात आमच्या भागात नळाला दहा दिवसांनी पाणी येत होतं. माझं दुकान पंपांचं. सातशे फुटांवर सोडलेले पंप लोक वर काढून आणून माझ्यासमोर ठेवत होते आणि "बसूसेठ, नुस्ती हवा ओढतोय" म्हणत होते. अशात महेशचा फोन आला. रेवतीला मुलगी झाली, नाव सान्वी ठेवायचं ठरलं. तू त्याच दिवशी मुरुडहून एसटीनं आलीस, पाणी पिण्याआधी बोललीस.

"पोरीला लिंग बांधाया जायचंय. तिथं जंगम कुठला घावतोय? स्वामी म्हनले, आजीनं बांधलं तरी चालतंय."

"जा की मग."

"तू येनार. विंग्रजी तुला येतंय म्हनून. न्हाईतर तुला कोन नेतंय?"

सुमन हसायला लागली आणि तिथंच ठरलं. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं यांच्या मागं मी लागलो. तू फक्त दोन गोष्टींची काळजी केलीस. सान्वीसाठी स्वामींनी दिलेलं बोराएवढं लिंग, आणि चार गोळे विभूती.

विमानात मी दोघांची, त्या देशात शिरण्याआधी द्यायची कार्डं भरली. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला. खाण्याचे पदार्थ आहेत का, प्राण्यापासून झालेली वस्तू आहे का, या ओळींपुढं 'होय'वर खूण केली. तू खिडकीतून ढगांकडं पाहत होतीस. "एवढं काय लिवतोयस?" इतकंच विचारलंस आणि झोपलीस.

उतरल्यावर गणवेशातल्या एका बाईंनी आपली पिशवी टेबलावर रिकामी केली. धपाट्यांचा डबा उघडला, वास घेतला, परत ठेवला. मग विभूतीचे गोळे हातात घेतले. हे काय? मी सांगितलं, राख आहे, कपाळाला लावतो. कशाची राख? मी सांगितलं, गाईच्या शेणाची. बाई अदबीनं म्हणाल्या की हे देशात नेता येणार नाही. चारही गोळे एका प्लास्टिकच्या पिशवीत गेले आणि पिशवी टेबलाखाली.

मग त्यांनी तुझ्या गळ्याकडं बोट केलं. तू रुमालातलं लिंग मुठीत धरलंस. मला वाटलं, आता इथं काहीतरी होणार. पण तू स्वतःच रुमाल सोडलास, तळहात त्यांच्यापुढं धरलास आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत उभी राहिलीस. त्यांनी दोन्ही हात मागं नेले, वाकून नुसतं पाहिलं, दगडच ना, असं मला विचारलं आणि मान हलवली. सान्वीचं लिंगही सुटलं.

 बाहेर पाऊस पडत होता. ट्रॉली थांबवून बोललीस.

"धपाटे चालत्यात, इभूत चालत न्हाई. कसला म्हनावा देश हा?"

"शेणाची वस्तू आणू देत नाहीत अक्का. नियम आहे."

"राख म्हनायचं. शेन सांगायला तुला कुनी शपथ घातली हुती?"

"कशाची म्हणून विचारलं त्यांनी."

"चुलीतली म्हनायचं! चुलीत गवरीच असतीय की. खोटं बी झालं नसतं."

  पण त्या बाईंनी सरळ विचारलं होतं, म्हणून मी सरळ सांगितलं. परत तिथं उभा राहिलो तरी तेच सांगेन, हे मी तुला तेव्हाही म्हणालो होतो.

दाजी गेल्यापासून तुझ्या कपाळावर कुंकू नव्हतं, विभूतीच होती. तीन बोटांचे तीन पट्टे. इतक्या वर्षांत मी तुला त्या पट्ट्यांशिवाय पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत तू लिंग तळहातावर घेऊन नुसत्या पाण्यानं पूजा केलीस आणि सवयीनं तीन बोटं कपाळावरून फिरवलीस. बोटांना काहीच नव्हतं. तू ती क्षणभर पाहिलीस. मी बॅगेची चेन लावत बसलो. ती आधीच लागलेली होती.

महेशचं गाव किनाऱ्यापासून सातशे किलोमीटर आत. धान्याच्या गोदामावर त्याची नोकरी. त्याच्याकडं जाणारं लहान विमान पावसामुळं बंद होतं, म्हणून आपण बसनं निघालो. घाट चढून बस सपाटीला लागली आणि मग ती सपाटी काही संपेना. काचेवर पाऊस, बाहेर राखाडी आभाळ, मध्ये लाल कणसांची बुटकी ज्वारी पाण्यात उभी. तू काचेला नाक लावून बसली होतीस.

"बसू, ही तर आपली काळी रानं हायेत."

चहाला गाडी थांबली तेव्हा तू रस्त्याच्या कडेची चिमूटभर माती उचललीस आणि बोटांत चोळलीस. मला दाखवलीस. खरंच, देगलूरला आपल्या घराच्या मागं होती तशीच, साबणासारखी. "हिच्यात चाक गेलं की गेलं," असं म्हणून तू हात पदराला पुसलास आणि गाडीत येऊन सगळ्या प्रवाशांना धपाटे वाटलेस. मोठी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्यानं पहिला घास खाल्ला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तिखट हाय म्हनून सांग त्याला," तू म्हणालीस. मी म्हणालो, त्याला कळलंय. त्यानं दुसरा मागून घेतला.

पुढं रस्ता बांधासारखा उंच होत गेला आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. तारेच्या कुंपणांना वाहून आलेलं गवत अडकलं होतं, त्यावरून पाणी कुठवर चढून गेलं ते दिसत होतं. भिजलेली कांगारू रस्त्याच्या कडेला उभी होती, कारण उभं राहायला तेवढीच जागा उरली होती. रस्ता जिथं सखल होतो तिथं त्या लोकांनी कडेला खांब रोवलेत, खांबांवर मीटरचे आकडे. पाणी किती आहे ते वाचायचं आणि मग पुढं जायचं की नाही ते ठरवायचं. मला ती पद्धत फार आवडली. आपल्या ओढ्यांवर असे खांब पाहिजेत, मी म्हणालो.

"आपल्या वड्यात पानी कुठंय? खांबाला कुत्री पाय वर करत्याल."

दुपार कलताना ड्रायव्हरनं एका गावात गाडी उभी केली. पुढचा रस्ता पाण्याखाली होता. महेशचं गाव तिथून नव्वद किलोमीटर. हे गाव म्हणजे एक रस्ता, दुतर्फा पत्र्याची घरं, धान्याच्या दोन उंच टाक्या, पेट्रोल पंप आणि जूडीचं दहा खोल्यांचं लॉज. जूडी तुझ्याच वयाची. पुरुषी शर्ट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज एसटीच्या कंडक्टरसारखा. दुसऱ्या सकाळी तू तिच्या स्वयंपाकघरात शिरलीस, तिच्या हातातली सुरी घेऊन कांदा चिरलास आणि दुपारपर्यंत ती जुडाक्का झाली होती. ती इंग्रजीत बोलायची, तू मराठीत, आणि मी मध्ये पडलो की दोघी एकदमच मला गप्प करायच्या.

रोज सकाळी मी छत्री घेऊन गावाबाहेरच्या खांबापर्यंत जायचो आणि पाणी वाचून यायचो. पहिल्या दिवशी एक पूर्णांक चार होतं. दुसऱ्या दिवशी एक पूर्णांक सहा. मी परत आलो की तू विचारायचीस, "काय, आज काय भाव निघाला?" मार्केट यार्डात हरभऱ्याचा विचारावा तसा. संध्याकाळी महेश फोनवर सान्वी दाखवायचा. तू फोन हातात न घेता दोन्ही हात मांडीवर ठेवून बघायचीस. फोन ठेवल्यावर एकदा म्हणालीस, "लिंग हाय, पोरगी हाय, इभूत न्हाई. कोरडंच बांधू का तिला?"

मी म्हणालो, महेशच्या गावात कुणाकडं तरी मिळेल. कुणाकडं मिळणार होती? त्या गावात आपलं घर एकच. हे मलाही माहीत होतं.

तिसऱ्या सकाळी तू मागच्या खिडकीत उभी होतीस. लॉजच्या मागं उंचवटा होता आणि त्यावर पत्र्याच्या आडोशाला जूडीच्या सात-आठ गाई पावसात दाटीनं उभ्या होत्या.

"बसू, बादली माग."

तुझ्या लुगड्याचा काष्टा, त्याखाली जूडीचे जुने रबरी बूट आणि डोक्यावर माझी प्लास्टिकची टोपी. जूडीनं तिची मागं उघडी असलेली गाडी काढली आणि आपल्याला वर नेलं. तिला वाटलं, तुला गाई जवळून पाहायच्या आहेत. तू सरळ आडोशाखाली गेलीस आणि कोरड्या जागेवरचं शेण वरच्या वर हातानं उचलून बादलीत टाकायला लागलीस. जूडी तोंड उघडं टाकून बघत राहिली. मी बादली धरून उभा होतो आणि मला गप्प बसवेना.

"अक्का, हे जमिनीवर पडलेलं आहे. विभूतीचं शेण जमिनीला लागू द्यायचं नाही, हे तूच शिकवलंस."

"मग जा. त्या तांबड्या गाईच्या मागं हात धरून हुबा ऱ्हा. पड म्हनावं."

"आणि या गाई काय खातात, कुठल्या जातीच्या, आपल्याला काय माहीत?"

"गाय शेन टाकती. जात तू बघत बस."

खाली आल्यावर जूडीनं मला विचारलं की हे कशासाठी. मी जमेल तसं सांगितलं. राख करायची. देवाची. नवीन जन्मलेल्या मुलीच्या कपाळाला लावायची, त्याशिवाय आजीला तिच्या गळ्यात देव बांधता येत नाही. आमची विमानतळावर काढून घेतली. ती ऐकत राहिली. मग आत गेली आणि एक बरणी घेऊन आली. निळसर काचेची, झाकणाची, आत करडी राख. ती तिनं तुझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

तुझा चेहरा उजळला. "आगं बया, हिच्याकडं तयार हाय की!" असं म्हणून तू तीन बोटं पुढं केलीस.

जूडी काय म्हणाली ते मला तेवढ्यात कळलं. मी ओरडलो, "अक्का, थांब! तो तिचा नवरा आहे."

"कोन?"

"ती राख."

तुझी बोटं बरणीच्या तोंडाशी थांबली. आपल्यात माणूस मातीत बसवतात. राख म्हटली की आपल्याला गाईचीच आठवते, माणसाची असू शकते हे तुझ्या मनातही आलं नाही. जूडी फक्त एवढंच सांगायला आली होती, की राखेचं मलाही कळतं. मला वाटलं तू हात झटकशील, उठून अंघोळीला जाशील. तू हात मागं घेतला नाहीस. तशीच बोटं मिटून दोन्ही तळहात बरणीला बाहेरून लावलेस, तापलेल्या पोराच्या अंगाला लावावेत तसे. जूडी खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. तू काही रडली नाहीस. झाकण परत लावलंस, नीट फिरवून.

त्या रात्री खोलीत म्हणालीस, "तिचा नवरा बरनीत हाय म्हनून तिला रोज दिसतो तरी. माझा मळ्यात, वर तुरीचं पीक." मग थोड्या वेळानं, "बरं, त्याचं नाव विचार उद्या तिला. नाव घेतलंच न्हाई आपन." मी विचारलं होतं सकाळी. मी तुला सांगितलं, आणि तू ते दोन-तीनदा म्हणून पाहिलंस, जमेपर्यंत.

पुढचं सगळं दोघींनी केलं. तू गवऱ्या थापल्यास, पण पावसात वाळणार कुठं? जूडीनं त्या गरम पाण्याच्या टाकीच्या खोलीत फळ्यांवर मांडल्या. लॉजमधल्या दोघा ट्रकवाल्यांनी वास कसला म्हणून विचारलं, तर तिनं त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पुन्हा विचारलं नाही. गवऱ्या वाळल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पिंपात जाळल्या. वर पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दोघी दोन बाजूंनी पिंपाजवळ बसलेल्या, धुरानं लाल डोळे. राख तू जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केलीस, पाण्यात कालवून दाबून दोन गोळे वळलेस. शेण ओलसर राहिलं असणार, पांढरी आली नाही. करडी आली.

"ही विभूती नाही अक्का," मी म्हणालो. "नियमानं पाहिलं तर."

"तू नियमानं बघ. मी डोळ्यानं बघते."

एक गोळा तू जूडीला दिलास. तिनं तो बशीत घालून बरणीच्या शेजारी फळीवर ठेवला. दुसरा सान्वीसाठी रुमालात बांधलास. त्याच दिवशी तू त्या देशात पहिल्यांदा कपाळाला विभूतीची तीन बोटं लावलीस आणि आरशात न बघता मला विचारलंस, "सरळ हायेत का?" मी म्हणालो, मधला जरा वर गेलाय. खरंच गेला होता.

पाणी उतरलं तेव्हा महेश उंच चाकांची गाडी घेऊन आला. रस्त्यावर अजून वीतभर होतंच. तू पुढच्या सीटवर बसलीस, मांडीवर रुमाल, आणि त्या खांबांवरचे आकडे तू मला वाचून दाखवत होतीस, मोठ्यानं, चिडवायला. सान्वीला मांडीवर घेऊन तू लिंग बांधलंस तेव्हा तिनं तुझं बोट धरलं होतं आणि तुला गाठ एका हातानं मारावी लागली. तिच्या कपाळावर विभूतीचा पट्टा जेमतेम एकच बसला. तेवढं कपाळच नव्हतं.

परत आल्यावर लातुरात, सुमनसमोर, मी पुन्हा तोच विषय काढला. तुझ्या पिशवीतून सान्वीला लावून उरलेला तो गोळा निघाला होता. मी म्हणालो, अक्का, आता इथं उदगीरची चांगली मिळते, हा ठेवून काय करायचा? नियमात बसत नाही तो. तू माझ्याकडं बघितलंस. "बरं. टाकते," म्हणालीस. पुढच्या वेळी आलीस तेव्हा मी विचारलं, तर म्हणालीस, "टाकला की. तुझ्या कायद्यानं ती इभूतच न्हाई, मग कशाला ठिवू?" मी तेही खरं धरलं. तू कधी खोटं बोलतेस असं माझ्या मनात येत नाही. तुझ्या मते खोटं न बोलण्याच्या पुष्कळ वाटा असतात, हे चुलीतल्या राखेवरून मला कळायला हवं होतं.

त्या सोमवारी पहाटे तुझ्या छातीत दुखलं. मुरुडहून लातूरला आणेपर्यंत तू गेलीस. सुमननं तुझा पूजेचा डबा आणला, स्वामींना दाखवायला. त्यात उदगीरचे दोन गोळे होते, कागदातूनही न काढलेले. आणि तू 'टाकलेला' तो करडा. तुझ्या तीन बोटांनी वर्षभर रोज घासून खोलगट केलेला. माझ्या तिन्ही बोटांना तो खळगा बरोबर बसला, बहीणभावाची बोटं सारखीच असणार.

एवढ्या वेळा आलीस, कपाळावर तो करडा रंग होता. मी समोर बसून जेवलो, आणि मला दिसला नाही. तू एकदाही म्हणाली नाहीस, की बघ.

महेश तिसऱ्या दिवशी पोचला. थेट मळ्यात गेला आणि मातीवर हात ठेवून बसून राहिला.  मग विचारलं, "मामा, आईच्या हातात काय दिलं?" मी सांगितलं. तेव्हा तो रडला.

निघायच्या दिवशी मी खिशातला एकविसावा गोळा त्याच्या हातात दिला. तुझ्या वाटणीचा, दुकानातला, पांढरा शुभ्र. जूडीला दे म्हणालो, वाटेत तिचं गाव लागतंच. त्यानं तो बॅगेत ठेवला आणि थांबला.

"मामा, कार्डावर काय लिहू?"

सुमन माझ्याकडं बघत होती. मला खरंच वाटलं, एकदा, तुझ्यासाठी, चुलीतली राख म्हणावं.

"खरं लिही," मी म्हणालो.

"आणि कशाची विचारलं तर?"

"गाईच्या शेणाची."

महेश इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "आई असती ना मामा, तर आत्ता..." एवढंच म्हणाला आणि बॅगेची चेन लावायला लागला. ती लागलेलीच होती.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, घेतला काढून." मी म्हणालो, बरं, नियम आहे. फोन ठेवला. राग आला नाही असं इथं लिहिणार होतो, पण दोन्ही बाजू मांडतो म्हटलंय. राग आला. दुकानात जाऊन बसलो, दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना पंपाची किंमत सांगता आली नाही. वाद तू जिंकलीस असं म्हणायला तयार होतो मी त्या दिवशी. चुलीतली म्हटलं असतं तर तुझी विभूती जूडीच्या फळीवर पोचली असती.

मग संध्याकाळी महेशचा पुन्हा फोन आला, वाटेतून, जूडीच्या लॉजवरून. या वेळी पाऊस नव्हता म्हणाला, गवत वाळून पिवळं पडलंय, खांब कोरडे उभे आहेत. त्यानं जूडीला तू गेल्याचं सांगितलं आणि रिकाम्या हातानं आलो म्हणाला. ती उठली. फळीवरून, नवऱ्याच्या बरणीशेजारून, तिनं ती बशी काढली. तू तिला दिलेला गोळा तसाच होता. तिनं तो पावाच्या सुरीनं मधोमध कापला, एक भाग परत बशीत ठेवला, दुसरा कागदात गुंडाळून महेशच्या वरच्या खिशात घातला. लहानीसाठी, म्हणाली. त्याला कुठलं कार्ड भरावं लागलं नाही. तो गोळा त्याच देशाचा होता.

तेव्हा अक्का, शेवटी झालं ते असं. दुकानातले वीस गोळे मातीत, तुझ्याभोवती. तू केलेला तुझ्या हातात. एकविसावा, खरं सांगून, त्यांच्या सरकारात जमा. आणि तुझ्या सान्वीच्या कपाळाचं जे देणं होतं, ते जुडाक्कानं तिच्यातलं अर्धं काढून दिलं.